मेयोहून आलेलं गवत

आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी शिकवायला येणार नाही — मी उतारा खाल्लेली मुलगी आहे.

खरोखर. वडूजजवळच्या आमच्या गावात, तिठ्यावर अमावास्येला कुणीतरी ठेवलेला दहीभात, नारळ आणि उकडलेलं अंडं मी सगळ्या गावासमोर मांडी घालून खाल्लं होतं. अकरावीत होते. अंडं जरा कच्चं होतं, एवढीच माझी तक्रार. आमच्या चळवळीची पद्धतच ती. नुसतं पत्रक वाटून लोक ऐकत नाहीत, समोर करून दाखवावं लागतं. म्हणून उतारे खायचे, झपाटलेल्या चिंचेखाली डबा उघडायचा, काळ्या मांजराला कडेवर घेऊन नवरदेवापुढून जायचं. पत्रकं मीच लिहायचे. शेवटी ठरलेलं वाक्य असायचं — ‘प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा.’

त्यामुळे या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचून मी दर वेळी चिडते. उलट्या पायांची बाई, पुलावर लिफ्ट मागणारा म्हातारा... आणि सांगणारा नेहमी घाबरून पळालेला! थांबून नाव-गाव विचारायला काय होतं?

आता माझ्यावर लिहायची वेळ आली आहे. मी पळाले नाही. नाव-गाव विचारलं. मिळालंही. उपयोग शून्य.

मी कुवेतमध्ये एका खासगी शाळेत सायन्स लॅब सांभाळते. माझा मोठा भाऊ, दादा, माझ्या आधीपासून इथे आहे, कुवेत सिटीत एका कंपनीत अकाउंटंट. फरवानियात आम्ही दोघं एका फ्लॅटमध्ये राहायचो. दादाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा : तो खाणारा आणि खाऊ घालणारा माणूस. दुपारी ऑफिसातून त्याचा फोन यायचा, त्यातलं पहिलं वाक्य, “पत्रकबाई, जेवलीस का?” मी म्हणायचे, अरे लॅबमध्ये ॲसिड घेऊन उभी आहे. तो म्हणायचा, “मग ॲसिडवर काहीतरी खा.”

फेब्रुवारीत शाळेत कल्चर डे असतो. प्रत्येक शिक्षकाने आपापल्या प्रांताचं टेबल मांडायचं. माझं टेबल महाराष्ट्राचं आणि त्यावरची कोथिंबीरवडी दादाची. त्याने पहाटे उठून वाफवली, तळली आणि स्वतः घेऊन आला. माझ्या शेजारचं टेबल भूगोल शिकवणाऱ्या ब्रीद मॅडमचं. पन्नाशीच्या पुढची, आयर्लंडची, तिथल्या पश्चिमेकडच्या मेयो नावाच्या काउंटीतली. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. दादाने पाटी वाचली आणि मला मराठीत विचारलं, सँडविचमध्ये घालतात तोच का जिल्हा?

टेबल मात्र खरंच सुंदर होतं. चुना न लावता नुसते दगडावर दगड रचून केलेल्या कुंपणांचे फोटो. दलदलीतून विटांसारखे कापून वाळवलेले मातीचे तुकडे, ते म्हणे चुलीत जाळतात. वाळलेल्या लव्हाळ्याचा चार हातांचा क्रॉस. तिच्या आईच्या फडताळातल्या निळ्या-पांढऱ्या बश्या. आणि एका टेकडीचा मोठा फोटो... संध्याकाळचं तिरकं ऊन, आणि उतारावर वरपासून खालपर्यंत समांतर उंचवटे. हे बटाट्याचे वाफे, ब्रीद मॅडम मुलांना सांगत होती. पावणेदोनशे वर्षांपूर्वी बटाट्यावर रोग पडला, पीक जमिनीतच सडलं, खायला दुसरं काही नव्हतं. लोक मेले, गेले. वाफे पुन्हा कुणी खणलेच नाहीत. तेव्हाचे अजून तसेच आहेत, ऊन तिरकं झालं की दिसतात.

टेबलापुढे जमिनीवर एका मोठ्या ट्रेमध्ये वाळलेलं गवत पसरलेलं होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या आडव्या लावल्या होत्या. त्या बश्या ज्या गवतात गुंडाळून आल्या तेच हे. मुलांना त्यावरून अनवाणी चालवायचं, ‘मेयोत पाऊल’ असं काहीतरी तिच्या डोक्यात होतं. पण सकाळीच तिचा भावाशी फोन झाला. त्याने ते गवत नेमकं कुठून कापलं, ते तेव्हा कळलं. म्हणून खुर्च्या.

पाचवीच्या मुलांनी विचारलं, खुर्च्या का? आणि तिने सांगितलं. तिच्या शेताच्या एका कोपऱ्यात त्या दुष्काळात चालता चालता माणसं पडली. भुकेने. तिथे जे गवत उगवतं त्याला भुकेचं गवत म्हणतात. त्यावर पाय पडला की माणसाला अशी भूक लागते की... म्हणून त्या रस्त्याने जाताना जुनी माणसं खिशात भाकरीचा तुकडा ठेवायची.

एक छोटी मुलगी मागे सरकली. माझं डोकं फिरलं. शाळेत! विज्ञानाच्या लॅबपासून चार दारं सोडून!

मी माझा लॅबचा पांढरा कोट घालूनच होते. खुर्ची बाजूला केली, सँडल काढले आणि मुलांना म्हणाले, बघा. उभी राहिले ट्रेमध्ये. टोचरं, कोरडं, आपल्याकडच्या कडब्यासारखं वासाचं गवत. मुलं हसायला लागली. ब्रीद मॅडम पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली. दादाला तर अशी संधी हवीच असते. त्याने बूट काढले, मला बाजूला केलं आणि मोज्यांवर लेझमीचे चार पावलांचे हात करून दाखवले. मुलं खूश.

तो खाली उतरला तेव्हा ब्रीद मॅडमने त्याच्या हातात एक ओटचं बिस्किट ठेवलं. खा, म्हणाली, प्लीज. दादाने ते एका मुलाला देऊन टाकलं आणि पोटावर हात फिरवला.

“थँक यू मॅडम, पण पोट भरलंय.”

‘पोट भरलंय’ हे त्याच्या तोंडून मी शेवटचं ऐकलं ते तेव्हा.

कार्यक्रम संपल्यावर मी ते गवत दोन्ही हातांनी उचलून, मुलांना दाखवत, कचऱ्याच्या पिशवीत कोंबलं. टाळ्या पडल्या. गाडीत बसल्याबरोबर दादा म्हणाला, भूक लागली गं. सिग्नलच्या आधीच्या बेकरीतून त्याने गरम खुब्ज घेतले, म्हणजे इथले मोठे रोट, आणि घर येईपर्यंत नुसतेच, कोरडे, फाडून फाडून संपवले. मी हसले. घरी येऊन तो पुन्हा जेवला. आणि जेवून उठला तेव्हा त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा होता. गोंधळलेला. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसा.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात भीतीदायक असं काही नाही. नुसतं वाईट आहे. तो खायचा. भात, भाकरी, अंडी, खजूर, बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, आणलेली बिस्किटं. ओकारी नाही, जुलाब नाही. अधाशासारखं नाही हो, हळू, नीट, आशेने खायचा. आणि वाळत गेला. पट्ट्याला नवी भोकं पाडली. ऑफिसात लोक आधी म्हणाले डाएट चांगलं चाललंय, मग म्हणाले डॉक्टरला दाखव, मग काहीच म्हणेनासे झाले. दुपारचे फोन बंद झाले. तो आता फोनवर बोलत नव्हता, खात होता.

मी घाबरले नव्हते. शरीर आहे, कारण असणार. थायरॉईड पाहिलं, ठीक. शुगर ठीक. जंत नाहीत, क्षय नाही, आतड्याचं काही नाही. मी प्रश्न विचारत होते. उत्तर मिळेपर्यंत.

मग सोनोग्राफीचा दिवस. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. दादाला ते जमेना. गाडीतच त्याने मेथीचे ठेपले खाल्ले, दह्याचा डबा संपवला, क्लिनिकच्या दारात केळी. मी वैतागले, म्हटलं आता परत पाठवतील. आत गेल्यावर डॉक्टरने मशीन फिरवलं आणि खुशीत म्हणाला, छान उपास केलाय, पोट अगदी रिकामं आहे, सगळं स्वच्छ दिसतंय.

मी म्हटलं, डॉक्टर, याने आत्ता खाल्लंय. दहीही. तुमच्या दारात.

त्याने पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, म्हणाला. दादाच्या शर्टावर दह्याचा ताजा डाग होता. मी तो दाखवला. डॉक्टरने नर्सला पुढच्या पेशंटला बोलवायला सांगितलं.

रक्ताचे आणि लघवीचे रिपोर्ट आले तेव्हा त्याच डॉक्टरने दार लावून घेतलं. म्हणाला, हे आकडे कित्येक आठवडे उपाशी असलेल्या माणसाचे आहेत, शरीर स्वतःलाच खातंय. मग दादाला बाहेर बसवून मला हळू आवाजात विचारलं, “घरी याला जेवायला कोण देतं?”

मी! मी, जिने इथल्या जलीब वस्तीत एका खोलीत दहा-बारा जण कोंबून राहणाऱ्या कामगारांना मेसचं शिळं अन्न मिळतं म्हणून पत्रकं लिहिली, त्यांच्या सुपरवायझरशी भांडले... माझ्यावर भावाला उपाशी ठेवल्याचा संशय. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण त्याचा प्रश्न बरोबर होता. समोर भुकेला माणूस दिसला की हाच प्रश्न विचारायचा असतो. मीही तोच विचारला असता.

त्या आठवड्यात मी लॅबचा कोट धुवायला काढला. खिसा झटकला आणि आतून बिस्किटाचा चुरा पडला. लॅबमध्ये खायला मनाई आहे, मी मुलांकडून बिस्किटं जप्त करते आणि खिशात टाकून विसरते. कल्चर डेच्या सकाळी एका मुलाचं अर्धं बिस्किट मीच काढून घेतलं होतं. तो कोट घालून, खिशात तो तुकडा घेऊन मी त्या गवतावर उभी होते.

योगायोग. मला माहीत आहे, योगायोग. पुढे वाचा.

एका शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं ब्रीद मॅडमच्या घरी गेलो. ती दस्मानला राहते, खिडकीतून समुद्र दिसतो. मी भांडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू? दादाला पाहून ती दारातच थांबली. मग लोणी लावलेला ब्रेड त्याच्यापुढे ठेवला आणि ठेवतच राहिली.

मी विचारलं, तुमचा यावर विश्वास आहे का. ती म्हणाली, “आमच्याकडे कुणाचाच नाही. पण त्या कोपऱ्यात कुणी जात नाही.”

भिंतीवर तोच टेकडीचा फोटो होता. कल्चर डेला दादा बाकी सगळा वेळ आमच्या टेबलावर वड्या वाटत होता, त्याने तो नीट पाहिलाही नव्हता. आता खाता खाता त्याने मान वर केली आणि फोटोच्या चौकटीबाहेर, कोऱ्या भिंतीकडे बोट केलं. विचारलं, “इकडे खाली एक रस्ता आहे ना? मधेच संपलेला?”

ब्रीद मॅडमने हातातली किटली खाली ठेवली.

रस्ता आहे. भुकेल्या लोकांना फुकट कसं द्यायचं, म्हणून तेव्हाच्या सरकारने त्यांना दगड फोडायला लावून रस्ते करून घेतले. कुठेही न जाणारे. काम करणारे मेले तिथे रस्ता थांबला. हा दलदलीत जाऊन संपतो. आणि त्याच वर्षांत बंदरातून धान्य भरून जहाजं बाहेर जात होती, हे ती अशा आवाजात म्हणाली, जणू जहाज आत्ता खिडकीतून दिसतंय.

मला आमचे आजोबा आठवले. बहात्तरच्या दुष्काळात ते खडी फोडायला जायचे. संध्याकाळी मिळणारी सुकडी धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणायचे. पण आजोबांचा रस्ता निदान गावाला तरी पोचला. आजही त्यावरून एसटी जाते.

आणि मी संतापले. भुतांवर नाही, भुतं कुठली? धान्य असताना माणसं मारली, हा सरळ गुन्हा आहे! मी अशा गोष्टींवर रात्रीत पत्रक काढते. पण मुख्य मथळ्याखाली नाव कुणाचं घालू? निवेदन कुणाला देऊ? ज्यांनी जहाजं भरली ते कधीच मेले, आणि जेवून मेले. माझा भाऊ कुवेतमध्ये, लोणी लावलेला ब्रेड हातात धरून, त्यांच्यामुळे उपाशी आहे, असं मी कुठल्या ऑफिसात जाऊन सांगू?

मी विचारलं, उपाय काय. स्वतःच्या तोंडून हा शब्द ऐकला. ब्रीद मॅडमने भावाला फोन लावला, स्पीकरवर. तो फार बोलणारा माणूस नव्हता. म्हणाला, त्या भागात आता पुन्हा कापणार नाही. गवत परत आणून जागेवर टाकलं तर बघा. ब्रीद मॅडमने माझ्याकडे पाहिलं.

ते मी कचऱ्यात टाकलं होतं. टाळ्या घेऊन.

घरी आल्यावर आईला फोन केला. तोवर तिला एवढंच सांगितलं होतं की दादाचं पोट बिघडलंय. सगळं ऐकून ती म्हणाली, “आगं, शिवारात जेवताना पहिला घास बाजूला टाकायचा असतो, ते तूच बंद केलंस नव्हं? टाकून बघ एकदा. माझ्यासाठी.”

खरं आहे, मीच बंद केलं होतं. त्यावर माझं पत्रकही आहे — ‘भुताला घास, गरिबाला उपास’. मथळा लोकांना फार आवडला होता. आणि गंमत ऐका. दुसऱ्या दिवशी ब्रीद मॅडम आपणहून म्हणाली, त्यांच्याकडेही तसंच. शेतात जेवलं की थोडं तिथे ठेवून उठायचं. कुणी शिकवलं कुणाला? माणदेश कुठे, मेयो कुठे...

तर मी टाकला. लिहिताना हात अडतोय, पण लिहिते. आमच्या बिल्डिंगमागे मोकळी वाळू आहे. भर उन्हात, हारिस — म्हणजे वॉचमन — बघत असताना, मी भाकरीवर भाजी ठेवून वाळूत ठेवली आणि हात जोडले. कुणाला जोडले, माहीत नाही. मेयोचं कुणी, आमच्या बहात्तरचं कुणी, जो भुकेला असेल तो. मी, उतारा खाणारी मुलगी, उतारा ठेवून आले.

एका मांजराने येऊन भाजी बाजूला केली आणि भाकरी खाल्ली.

दादाला काहीही फरक पडला नाही.

हे कुणी सांगत नाही बरं का या सदरात! इथे नेहमी शेवटी कुणीतरी जाणकार भेटतो, अंगारा लावतो, सगळं ठीक होतं. मी आयुष्यभराची भूमिका वाळूत ठेवून आले, आणि काहीच झालं नाही. ना विज्ञानाने, ना उताऱ्याने. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवलं. नंतरही ठेवत राहिले. मांजर तेवढं गुटगुटीत झालं.

मे महिन्यात दादा ऑफिसात टेबलावरच कोसळला. सलाईन लागलं, त्याने थोडा तग धरला. हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये पाठ चोळायला तो मला हाक मारायचा, एकट्याला उभं राहवत नव्हतं. वर लहानशी खिडकी होती, तिच्यातून ऊन तिरकं यायचं. मी त्याची पाठ पाहिली आणि मला तो टेकडीचा फोटो आठवला. जास्त लिहीत नाही.

कंपनीने रजा दिली, मग हळूच राजीनामा मागितला. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपायच्या आत मी त्याला विमानात बसवून गावी पाठवलं. तो आता आईजवळ आहे. साताऱ्याचे, पुण्याचे डॉक्टर झाले. मरत नाहीये. सलाईन आणि पावडरींवर वजन एका जागी थांबलंय, का थांबलं तेही कुणाला सांगता येत नाही. ब्रीद मॅडम उन्हाळ्यात मेयोला जाऊन आली. त्या कोपऱ्यात तिचा भाऊ आता रोज एक बशी ठेवतो, म्हणाली. मी त्यावर धन्यवाद म्हणाले.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. बिस्किट योगायोग असेल, रस्त्याचं दादाने कुठेतरी ऐकलं असेल. पण त्या रिकाम्या पोटाचं काय करू? शर्टावर दही होतं. मी पाहिलं. कुठल्या बाबाचा पत्ता पाठवू नका, फाडून टाकीन. कुणी डॉक्टर हे वाचत असेल तर मात्र लिहा.

मागच्या शुक्रवारी व्हिडिओ कॉल केला. आईने त्याला अंगणात खाटेवर बसवलं होतं, मांडीवर ताट. खाणं चालूच होतं. मला पाहून तो थांबला आणि कित्येक महिन्यांनी, अगदी पूर्वीसारखं म्हणाला, “पत्रकबाई, जेवलीस का?”

मला रडूच आलं. म्हटलं, हो रे दादा, आत्ताच जेवले.

कुतूहलाने, लहान मूल विचारतं तसं त्याने विचारलं,

“जेवल्यावर कसं वाटतं गं?”

आईने मान दुसरीकडे वळवली. तो उत्तराची वाट बघत होता, आणि वाट बघता बघता त्याने पुढचा घास घेतला.